पेसमेकरची तार नेमकी कुठे?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पेसमेकर बसवताना मशीनपाशी असते. आष्टीला आले की एक प्रश्न ठरलेला: "अगं, त्यांना हार्ट फेल्युअर सांगितलंय. आता काय उरलं?"

बरंच उरतं. फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते कमजोर होतं, रक्त पुरेसं पुढं ढकलत नाही. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. आधी गोळ्याच, आणि त्या मनानं बंद करायच्या नाहीत.

काहींच्या हृदयाची डावी बाजू उजवीच्या मागून आकसते. जोडीतला एक बैल पुढं, एक मागं. गाडी ओढणार कशी? ईसीजीवरचा मधला टोकदार भाग तीन बारीक चौकोनांच्या आत संपायला हवा, यांच्यात तो पसरतो. अशांपैकी निवडक रुग्णांना सीआरटी, म्हणजे बहुधा तीन तारांचा पेसमेकर लावतात. दोन्ही बाजूंना मिळून इशारा जातो. 2005 मध्ये युरोपातल्या केअर-एचएफ अभ्यासाचे निकाल आले. रुग्ण 813, औषधं सगळ्यांनाच. सुमारे 29 महिन्यांत नुसत्या औषधांवरच्या गटात 120 जण गेले, सीआरटीच्या गटात 82. गट जवळजवळ सारखेच होते, म्हणून हा फरक मोठा.

आता तारेची गोष्ट. साध्या पेसमेकरची तार वर्षानुवर्षं उजव्या कप्प्याच्या टोकाशी बसवत आले. त्यानं काहींचं हृदय उलट कमजोर होतं. मग हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगलाच तार जोडली तर? अमेरिकेत डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी हे करून 2000 साली छापलं. (आडनाव वाचून माझेही कान टवकारले होते!) 18 रुग्णांत प्रयत्न केला, 12 जणांत तार कायमची बसली. हृदयाची पंपिंग सरासरी 20 टक्क्यांवरून 31 वर आली. काम किचकट, म्हणून बरीच वर्षं फार कुणी हात घातला नाही. 2017 मध्ये चीनच्या डॉ. हुआंग यांनी डाव्या फांदीची सोपी वाट दाखवली. ती आता आपल्याकडेही वापरतात. सीआरटीइतका मोठा पुरावा मात्र अजून जमतो आहे.

एक भीती नेहमी कानावर येते: "मशीन बसवलं की जीव सुखानं जात नाही." तसं नसतं हो. शेवट आला की हृदयाचा स्नायू त्या इशाऱ्याला दादच देत नाही.

परतूरला, जालन्याला दाखवायला जाताना जुने ईसीजी आणि टू-डी इकोचे रिपोर्ट सोबत न्या. "आमचा ईसीजी रुंद आहे का? तार कुठं बसवणार?" एवढं विचाराच. योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. मी उद्या सकाळपर्यंत इथंच आहे. ज्यांना रिपोर्ट दाखवायचेत त्यांनी चहाच्या वेळी फाईल घेऊन या.