शब्दाला मिळालेला आवाज



कामगार संघटनेच्या माणसाने इटालियन गाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. हे जे थोडे कळले ते वाचनालयात आणि तबकड्या ऐकून. पण एका वाटाघाटीत आम्ही दहा जण एकदम बोललो, आणि एका विधवेच्या ग्रॅच्युइटीची गोष्ट त्या गलक्यात बुडाली. चूक आमचीच होती. इटलीतल्या गाण्याचे दुखणे वाचले, तेव्हा मला ती बाई आठवली.

सोळाव्या शतकारंभी मांतुआच्या दरबारात, इझाबेला देस्ते हिच्या आश्रयाने, 'फ्रोत्तोला' नावाची साधी गीते गाइली जात. व्हेनिसच्या पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०४ ते १५१४ या काळात त्यांचे अकरा संग्रह छापले. वरची चाल एकाने गावी, खालचे स्वर ल्यूट या तंतुवाद्याने सांभाळावेत, अशीही रीत होती. पुढे 'माद्रिगाल' आले. चार-पाच गायक एकच कविता वेगवेगळ्या चालींनी, मागेपुढे गात. गुंफण देखणी, पण शब्द गर्दीत हरवे.

फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दी यांच्याकडे जमणाऱ्या मंडळींना हे खुपले. त्यांतले विन्चेन्झो गालिलेई, म्हणजे शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ साली ग्रंथ लिहून या गुंतागुंतीवर हल्ला चढविला. प्राचीन ग्रीकांप्रमाणे एकच चाल शब्दामागून चालावी, असे त्यांचे म्हणणे.

ते गळ्यातून सिद्ध केले जुलिओ काच्चिनी यांनी. सुताराचा हा मुलगा मेदिची दरबारी गायक झाला. १६०२ साली त्यांचा 'ले नुओवे मुझिके' हा संग्रह निघाला. गाणारा एकच; खाली केवळ खर्जाची ओळ, आणि तिच्यावरचे आकडे पाहून साथीदाराने स्वर भरायचे. बरोक संगीताची बैठक ती हीच. इतर गवई भलत्या जागी ताना मारून आपल्या चाली बिघडवतात, ही तक्रारही त्यांनी प्रस्तावनेत नोंदविली.

व्हेनिसच्या बार्बरा स्ट्रोझी हिला (१६१९–१६७७) दरबारची वा चर्चची नेमणूक नव्हती. तरी १६४४ ते १६६४ या काळात तिने आठ संग्रह छापले. पहिला अनेक आवाजांच्या माद्रिगालांचा. पुढचे मुख्यत्वे एकट्या आवाजाचे.

मंडळी, एकटा आवाज म्हणजे एकटा माणूस नव्हे. खालचा खर्ज सुटला की गाणे कोसळते. एकाने स्पष्ट बोलावे, बाकीच्यांनी खाली भक्कम उभे राहावे. त्या दिवशी आम्हांला एवढे कळते, तर त्या बाईचे म्हणणे ऐकले गेले असते.