रक्तातल्या पाच पेशी

दौलताबादकर श्रोतेहो,

कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात उतरतात. १८६९ साली मेलबर्नमध्ये टॉमस अ‍ॅशवर्थ यांना एका मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी दिसल्या. त्या नेमक्या मोजता यायला शतकाहून अधिक काळ गेला, आणि त्याला कारण आहे. तपासणीसाठी साडेसात मिलिलिटर, म्हणजे दीड चमचा रक्त घेतात. त्यात सुमारे तीन हजार कोटी तांबड्या पेशी, काही कोटी पांढऱ्या आणि आपल्याला हव्या त्या फार तर पाच-दहा! प्रतिपिंडं चिकटवलेले लोहकण त्यांना जाऊन बिलगतात, मग चुंबकाने त्या ओढून घेतात आणि रंग देऊन ओळख पटवतात.

रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मरतात. आपल्या किल्ल्यातल्या अंधेरीत, त्या काळोख्या भुयारात, शिरलेल्या शत्रूसारखी त्यांची गत होते. पण एखादी निसटते आणि फुप्फुसात, हाडात ठाण मांडते.

२००४ साली अमेरिकेत ‘सेलसर्च’ चाचणीला मान्यता मिळाली. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ स्त्रियांची पाहणी झाली होती. ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यात अशा पाच किंवा जास्त पेशी होत्या, त्यांचं आयुर्मान कमी भरलं. मग डॉक्टरांनी रास्त प्रश्न विचारला: केमोच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा उतरला नाही, तर औषध लगेच बदलावं का? अमेरिकेत त्यावर रीतसर चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला. औषध लवकर बदललेल्या स्त्रिया जास्त जगल्या नाहीत. आकड्याने धोका बरोबर सांगितला होता, पण बदलून दिलेलं केमोही तितकंच तोकडं पडलं. फ्रान्समधल्या चाचणीत मात्र हार्मोनरोधक औषध द्यायचं की केमो, हे ठरवायला याच मोजणीचा उपयोग झाला. म्हणजे प्रश्न नेमका असेल तिथे ही मोजणी कामाची आहे.

महाराष्ट्र यात मागे नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीची याच पेशी शोधणारी ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणी इथेच घडली, तिला औषध नियंत्रकांची मान्यताही आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकर्करोग चाचणीला अमेरिकेने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे परीक्षणाला गती. वापराची मान्यता त्यानंतरची पायरी.

पण आपल्याकडे तंबाखू आहे, तोंडाचा कर्करोग आहे, आणि शेत विकून उपचार करणारी घरं आहेत. कोणी ही महागडी तपासणी सुचवली, तर अवश्य विचारा: ‘डॉक्टरसाहेब, या तपासणीच्या निकालावरून माझ्या आईचा उपचार बदलणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर करा. नसेल, तर तो पैसा औषधाला ठेवा. बायोप्सीची जागा ही तपासणी घेत नाही. बायोप्सी टाळू नका.

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर वाट पाहू नका. शहरातलं शासकीय कर्करोग रुग्णालय इथून तासाभराच्या आत आहे. तिथे दाखवून या.