व्यवसाय-मार्गदर्शक : गरज आणि मर्यादा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मला दिलेला विषय ‘बिझनेस कोच’ असा आहे. आपल्याकडे कोच म्हटले की बडनेरा स्थानकावरचा रेल्वेचा डबा डोळ्यांपुढे येतो, आणि ते अगदीच चुकीचे नाही. हंगेरीतील कोच नावाच्या गावात उत्तम घोडागाड्या तयार होत. त्या गावावरून गाडीला हे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी आपल्याला परीक्षेच्या पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. खेळात आणि व्यापारात हा शब्द त्यानंतर आला.

शब्द परका असला तरी त्यामागची कल्पना आपल्या घरातली आहे. आपल्या परंपरेत साधक गुरूंसमोर आलोचना करतो, आपले दोष स्वमुखाने सांगतो. शास्त्रकारांनी या आलोचनेचेही दहा दोष सांगितले आहेत. व्यापाऱ्याने ते एकदा तरी वाचावेत, असे मला वाटते. ‘दृष्ट’ दोष म्हणजे इतरांनी पाहिलेलीच चूक कबूल करणे आणि न पाहिलेली दडवणे. ‘सूक्ष्म’ म्हणजे किरकोळ दोष सांगून मोठे गिळणे. ‘शब्दाकुलित’ म्हणजे गुरूंना नीट ऐकूच येऊ नये अशा गलबल्यात सांगणे. ‘बहुजन’ म्हणजे एका गुरूंनी सांगितलेल्यावर विश्वास न ठेवता तेच अनेकांना विचारत फिरणे. आणि ‘तत्सेवी’ म्हणजे ज्याच्या ठायी तोच दोष आहे, अशाच गुरूला गाठणे. बँकेचा अधिकारी, सनदी लेखापाल आणि घरचे वडीलधारे यांच्यापुढे आपण कसे बोलतो ते आठवून पाहा. यातील निदान तीन दोष माझ्या हातून नित्य घडत होते.

अकोल्यात आमची डाळ मिल आहे. काही वर्षांपूर्वी विक्री वाढत होती, सत्कार होत होते आणि तिजोरीत मात्र मजुरीपुरती रोकड नसे. धाकट्या बंधूंशी माझे बोलणे जवळजवळ बंद पडले होते. वाटणीचा शब्द घरात एकदा उच्चारलाही गेला होता. त्या सुमारास एका स्नेह्यांच्या आग्रहावरून नागपूरचे एक निवृत्त गिरणी व्यवस्थापक महिन्यातून एकदा आमच्याकडे येऊ लागले. माझी अपेक्षा होती की ते नवे यंत्र सुचवतील किंवा नवी बाजारपेठ दाखवतील. त्यांनी पहिल्या भेटीत एवढेच विचारले, “गेल्या सहा महिन्यांत कोणत्या ग्राहकाला आपण नाही म्हणालात?” मला एकही नाव आठवेना.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कोऱ्या कागदावर एक हिशेब मांडला. तो मी आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवतो. तूर आपण बाजार समितीत रोखीने घेतो आणि डाळ दोन महिन्यांच्या उधारीवर देतो. महिन्याची विक्री 50 लाखांची असेल, तर सुमारे 1 कोटी रुपये सदैव बाहेर अडकलेले असतात. विक्री 75 लाखांवर नेली की दीड कोटी अडकतात, म्हणजे 50 लाख जास्त. व्याजाचा दर वार्षिक 12 टक्के धरला, तर त्या 50 लाखांचे व्याज महिन्याला 50 हजार रुपये होते. आता वाढलेली विक्री 25 लाखांची आणि व्याजापूर्वीचा नफा शेकडा 2. तोही 50 हजारच. म्हणजे वाढवलेल्या व्यापाराची सारी कमाई बँकेची, आणि बुडीत उधारीचा धोका तेवढा आमचा.

हे गणित मला येत नव्हते असे नाही. धाकटे बंधू, ज्यांच्याकडे वसुली होती, दोन वर्षे हेच सांगत होते. परंतु घरातल्या माणसाने सांगितले की ते भांडण ठरते; बाहेरच्या, कोणतीही वाटणी नको असलेल्या माणसाने विचारले की तोच प्रश्न ठरतो. आम्ही काही ग्राहक सोडले, विक्री घटली, दोन हंगाम कठीण गेले. एका व्यापाऱ्याकडची रक्कम अखेर बुडालीच. मिल आज चालू आहे, आणि आम्ही दोघे भाऊ एकाच गादीवर बसतो.

एकट्याच्या अनुभवावर विसंबू नये म्हणून एक अभ्यास सांगतो. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव परिसरातील कौटुंबिक कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना अनेक महिने मोफत सल्लागार दिले, उरलेल्यांचे केवळ निदान केले. सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. तेथे सुचवलेल्या गोष्टी साध्या होत्या: सुताचा साठा नोंदवणे, दोषांची रोज नोंद करणे, यंत्रांची वेळच्या वेळी देखभाल. मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. कारखाना किती मोठा होईल, हे बऱ्याच अंशी मालकाच्या घरात किती कर्ते पुरुष आहेत यावर ठरत होते. कारण बाहेरच्या माणसावर अधिकार सोपवण्याची कोणाची तयारी नव्हती. या सभागृहात ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आणि जिथे कर्त्या पुरुषांची मोजणी होते, तिथे हिशेबात तरबेज असलेल्या आपल्या लेकी-सुना मोजल्याच जात नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

पुढे अनेक वर्षांनी तेच अभ्यासक परत गेले, तेव्हा सुधारणांपैकी जवळपास निम्म्या सोडून दिल्या गेल्या होत्या. व्यवस्थापक बदलला की वहीही बंद पडे. मार्गदर्शक निघून गेल्यावर शिस्त सांभाळणारा माणूस घरचाच लागतो.

या क्षेत्रात धंदेवाईक गर्दीही झाली आहे. कोच म्हणवून घेण्यास कोणताही परवाना लागत नाही. पंचतारांकित हॉटेलात टाळ्या वाजवून घेणारा, सहा महिन्यांत दुप्पट विक्रीची हमी देणारा, किंवा सल्ल्याबरोबर स्वतःचेच कर्ज अथवा यंत्र विकणारा मनुष्य दिसला, तर नमस्कार करून निघावे. पावसावर आणि भावावर चालणाऱ्या आपल्या वऱ्हाडात विक्रीची हमी कोण देणार? सुकाणू कोणाच्या हाती द्यायचे नसते. निर्णय आणि त्याचे फळ मालकाचेच राहते.

मोठे शुल्क परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय झालेले आहेत. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट ही संस्था 1992 पासून होतकरू उद्योजकास कर्ज मिळवून देण्याबरोबर एक स्वयंसेवी अनुभवी मार्गदर्शक जोडून देते. आपल्या शेजारच्या वर्ध्यातही तिने काम केले आहे.

आपल्या ट्रस्टकडे सभागृह आहे आणि व्यापारात चाळीस-चाळीस वर्षे घालवलेली मंडळी समोर बसली आहेत. विश्वस्तांस माझी विनंती आहे की महिन्यातील एका रविवारी मागची खोली दोन तास मोकळी ठेवावी. तेथे एका तरुणाने आपली उधारीची वही घेऊन यावे, आणि त्याच्याशी नातेसंबंध वा व्यवहार नसलेल्या एका ज्येष्ठांनी ती पाहावी. अकोल्याच्या तरुणाची वही अमरावतीच्या ज्येष्ठांनी पाहिली तर अधिक बरे. गावातली गोष्ट गावात फिरणार नाही. पहिल्या रविवारी वही घेऊन येण्यास मी स्वतः तयार आहे. दार मात्र लावून घ्यावे.

जय जिनेंद्र.