वडिलांची लष्करी नोकरी : ऐकीव कथा आणि लेखी पुरावा

(एका बुद्धविहारातील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा माझा विषय युद्धाचा नसून कागदाचा आहे. १९३९ ते १९४५ या महायुद्धाच्या काळात आपल्या समाजातील हजारो तरुण सैन्यात होते. त्यांपैकी फारच थोडे आज हयात असतील. त्यांची मुलेही आता वृद्ध झाली आहेत. घरोघर त्यांच्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. परंतु आपले वडील कोणत्या पलटणीत होते, कोठे होते, केव्हा घरी परतले, असे विचारले असता उत्तर मिळत नाही. हे उत्तर शोधणे हे आपले कर्तव्य आहे, आणि जे सत्य हाती येईल ते जसेच्या तसे स्वीकारणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.

कागदाला एवढे महत्त्व का द्यावयाचे? कोरेगावच्या स्तंभाकडे पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची 'नाक' या प्रत्ययाची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत. ती कोरलेली आहेत म्हणूनच आज कोणास नाकारता येत नाहीत. बाबासाहेबांचे वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमची भरती बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. १९१७ साली पहिल्या महायुद्धाच्या निकडीने १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज असता बोलवावयाचे आणि गरज सरताच घालवावयाचे, असा तो व्यवहार होता. पुढे जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठी येथे उभारण्यात आली.

त्या काळी गावात आपला माणूस वतनाच्या कामाला बांधलेला होता. ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. गावाने त्याला हाक मारली ती जातीने. पलटणीने त्याला नंबर दिला, हुद्दा दिला, पगार दिला. म्हणून बाबांच्या पेटीतील तो पिवळा पडलेला कागद हा केवळ नोकरीचा दाखला नव्हे. पुष्कळ घरांत माणूस म्हणून झालेली ती पहिली लेखी नोंद आहे.

आता माझ्या घरची हकीकत सांगतो. माझे वडील १९४२ साली भरती झाले. ते ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, असे गावात सर्वजण सांगत. ते स्वतः फार बोलत नसत. त्यांच्या निधनानंतर पत्र्याच्या पेटीत दोन पदके आणि जर्मनचा एक जेवणाचा डबा मिळाला. डिस्चार्जचा कागद नव्हता. आमच्या आजच्या आडनावाने चौकशी केली, तेव्हा अशा नावाचा शिपाई नोंदीत नाही असे उत्तर आले. यात दोष कोणाचाच नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पुष्कळ कुटुंबांप्रमाणे आम्हीही जुने नाव टाकले होते, आणि पलटणीच्या वहीत मात्र जुनेच नाव होते, तेही इंग्रजी कारकुनाला जसे ऐकू आले तसे. अखेर त्या डब्याच्या तळाशी खिळ्याने कोरलेला पलटणीचा नंबर सापडला. नाव बदलते, नंबर बदलत नाही. त्या नंबरावरून नोंद निघाली : पहिली पलटण, वायव्य सरहद्द प्रांत. म्हणजे आजच्या पाकिस्तानातील डोंगराळ मुलूख. ब्रह्मदेश नव्हे! त्या मोहिमेत गेली होती ती दुसरी पलटण.

पदकेही तेच सांगत होती. ब्रह्मदेशच्या मोहिमेतील शिपायास 'बर्मा स्टार' हा सहा टोकांचा तारा मिळे. वडिलांच्या पेटीत तारा नव्हता. एका पदकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह होता, ते युद्धपदक. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा होता. ते देशातील सेवेचे पदक.

तेव्हा शोध कसा करावा? प्रथम घरातील वस्तू पाहाव्या : डिस्चार्ज बुक, पदकांची कडा, पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या, छायाचित्रातील टोपीवरचा बिल्ला. नंबर, हुद्दा, पलटण, जुने नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, एवढे एका कागदावर लिहावे. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे आणि त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयास अर्ज करावा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. मात्र आपले सर्वच लोक या रेजिमेंटमध्ये होते असे समजू नये. कित्येक पायोनियर दलात होते, कित्येक रसदखात्यात. जुन्या व नव्या नावाचा मेळ दाखविण्यास शाळेचा दाखला, राजपत्रातील नामबदल व शपथपत्र जोडावे. जे युद्धात पडले त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधावी; रंगूनजवळच्या तौक्यान येथील स्मारकावर सुमारे २७,००० नावे आहेत.

या शोधास हक्काचीही बाजू आहे. युद्ध संपताच ज्यांना घरी पाठविण्यात आले, अशा असंख्य शिपायांना निवृत्तिवेतन मिळाले नाही. अशा माजी सैनिकांस व त्यांच्या विधवांस महाराष्ट्र शासन मासिक साहाय्य देत आले आहे. एखादी वृद्ध माता केवळ कागदाअभावी त्यापासून वंचित राहत असेल, तर तिच्या शिकलेल्या मुला-नातवंडांनी लाज बाळगली पाहिजे.

वडील ब्रह्मदेशात नव्हते हे कळल्यावर भावकीतील काहींना वाईट वाटले. मी त्यांना म्हणालो, त्यांनी तेथे जाण्याचे टाळले नव्हते; हुकूम झाला तेथे ते उभे राहिले. ज्याने रस्ता फोडला, ज्याने पोती वाहिली, ज्याने थंडीत चौकीवर पहारा केला, त्याची सेवा लहान नाही. दुसऱ्यांनी आमचा इतिहास दडपला म्हणून आपण तो फुगवावा असे होत नाही. फुगविलेली एक गोष्ट खोटी ठरली की शेजारच्या दहा खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. आपल्या पूर्वजांना खोट्या अलंकारांची गरज नाही.

ज्यांच्या घरी त्या पिढीतील एखादी आजी, आत्या वा काका अजून आहेत, त्यांनी याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि तारीख घालून लिहून ठेवावे. माणसे जातात, त्यांच्याबरोबर त्यांचा नंबरही जाऊ देऊ नका.

जयभीम!