वेणीच्या विणीचं खरं मोल

आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत. तिथल्या वेण्यांच्या स्वेटरची एक गोष्ट सांगतात: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणून समुद्रात बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखू येई. पण या गोष्टीचं मूळ बहुधा जे. एम. सिंग यांच्या, १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात आहे. तिथे ओळख पटते मोज्यावरून, गाळलेल्या चार टाक्यांमुळे. वेणीचा संबंधच नाही. शिवाय या रूपातला स्वेटर विसाव्या शतकातलाच.

मग वेणी नुसती शोभेची का? तसंही नाही. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे किंवा मागे ठेवायचे, पुढचे तीन आधी सुलट विणायचे, मग थांबवलेले तीन. टाके एकमेकांवर चढतात, वीण आक्रसते, जाड होते आणि हवा धरून ठेवते. ऊब त्या हवेची. लोकर जास्त लागते, हा आक्षेप खरा आहे. साध्या विणीच्या हिशेबाने टाके घातले, तर स्वेटर तंगच होणार. म्हणून आधी वेणीसकट छोटा नमुना विणा, धुऊन वाळवा, मोजा आणि मगच टाके घाला.