गप्प आणि उगी

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



‘अंतरीची शांतता’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे समितीने सुचविले, तेव्हा शिक्षक-खोलीत थोडे हसू उमटले. ते साहजिकच होते. जिने उभ्या आयुष्यात ‘शांत बसा’ हे दोन शब्द सर्वाधिक वेळा उच्चारले असतील, तिने शांततेविषयी बोलावे, हा योग गमतीचाच आहे. आज समोर बसलेल्या कित्येकांनी ते शब्द माझ्याच तोंडून ऐकले आहेत. म्हणूनच आज थोडा कबुलीजबाबही देणार आहे.

आपल्या मराठीत न बोलण्यासाठी अनेक शब्द आहेत. त्यांपैकी दोनच आज आपल्यापुढे ठेवते: ‘गप्प’ आणि ‘उगी’. ‘गप्प’ बहुधा दुसऱ्याला करायचे असते. गप्प बस, गप्प राहा, त्याला गप्प केले. या शब्दात हुकूम आहे. ‘उगा’ किंवा ‘उगी’ हा शब्द जुना. संतवाङ्मयाच्या वाचकांना ‘उगा राहणे’ हा प्रयोग परिचित आहे. त्याचा अर्थ निश्चल, स्तब्ध असणे. त्याच शब्दाला ‘च’ जोडला की ‘उगाच’ होते, म्हणजे काही कारण नसताना, काही हेतू मनात न धरता. आणि रडणाऱ्या तान्ह्या बाळाला पदराखाली घेऊन आई जे म्हणते, तेही ‘उगी, उगी’ हेच. एका शब्दाच्या पोटात तीन गोष्टी नांदतात: स्तब्धता, निर्हेतुकता आणि सांत्वन.

आपण बेंगळुरूकर असल्यामुळे याची दुसरी खूणही आपल्याला ठाऊक आहे. कन्नडमध्ये ‘सुम्मने’ म्हणजे मुकाट्याने, आणि ‘सुम्मने’ म्हणजे सहज, विनाकारण. शेजारणीला ‘का गं आलीस?’ म्हणून विचारावे आणि तिने ‘सुम्मने बंदे’ म्हणावे, ‘उगाच आले’. दोन शेजारी भाषांनी शांतता आणि निर्हेतुकता यांना एकाच शब्दात बसविले, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. ज्याला आपल्याकडून काहीही नको आहे, त्याच्याच सहवासात माणूस खरा शांत होतो, हा अनुभव दोन्ही लोकांनी घेतलेला असावा.

शांतता, सर्जन आणि करुणा यांचे नाते समजून घेण्यासाठी मला साने गुरुजींच्या चरित्राकडे वळावेसे वाटते. गुरुजींचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ती त्यांची आसवे. मला मात्र आज त्यांच्या कानांविषयी बोलायचे आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सविनय कायदेभंगातील राजबंदी होते. तेथे विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. ती झरझर लिहून घेणारे होते साने गुरुजी. पुढे ‘गीता प्रवचने’ या नावाने तो ग्रंथ कन्नडसह अनेक भाषांत गेला. आपण तो विनोबांचा ग्रंथ म्हणून वाचतो आणि तो त्यांचाच आहे. तथापि, त्या अठरा रविवारी एका प्रतिभावंत लेखकाने स्वतःचा शब्द बाजूला ठेवून दुसऱ्याच्या शब्दाला वाट करून दिली नसती, तर ती वाणी तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती. ऐकणे ही निर्मिती कशी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. ‘पाच दिवसांत’ हे शब्द आपण कौतुकाने उच्चारतो, पण ते पुस्तक पाच दिवसांचे नाही. पालगडच्या घरात लहानपणी ऐकलेली एक वाणी कित्येक वर्षे त्यांच्या अंतरात निजून राहिली होती. बाहेरचा कोलाहल थांबला, तेव्हा ती ऐकू आली. तुरुंग हा काही शांततेचा मठ नव्हे. तेथे कष्ट होते, विरह होता. शांतता गुरुजींच्या ऐकण्यात होती.

त्या शांततेचे मूळ शोधू गेल्यास आपण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पोहोचतो. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी तेथे शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर हा शिक्षक रागवत नसे. मुले शाळेत गेल्यावर स्वतःच अंथरुणे आवरून ठेवी. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते काढीत. उपदेशाचा एक शब्दही न काढता आवरलेले अंथरूण मुलाला काय सांगत असेल, याचा विचार आपण पालकांनी आणि शिक्षकांनी करण्यासारखा आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतरीची शांतता म्हणजे अन्याय पाहून मिटलेले तोंड नव्हे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून याच मृदू माणसाने महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिराचे दार उघडले. ज्याने दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा आवाज मनापासून ऐकला, त्याला स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. दुसऱ्याचे दुःख ऐकू न येण्याइतकी गाढ शांतता कोणाला लाभली असेल, तर ती शांतता नसून झोप आहे.

थोरांची उदाहरणे देणे सोपे असते. आता माझी गोष्ट सांगते. ती अभिमानाची नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी आठवीची वर्गशिक्षिका होते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत, हे आपण जाणता. अशाच एका कुटुंबातील मुलगा वर्षाच्या मध्यावर माझ्या वर्गात दाखल झाला. तो बोलत नसे. प्रश्न विचारला की उभा राही आणि फरशीकडे पाही. एक महिना गेला, दोन गेले. मी समजावले, मग दटावले, आणि एके दिवशी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “अरे, तू मुलगा आहेस की दगड?” वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. तो खाली बसला.

त्यानंतर काही दिवसांतच माझा आवाज गेला. स्वरयंत्राला सूज आली होती. डॉक्टरांनी बजावले, “आठ दिवस अवाक्षर काढायचे नाही.” शिक्षकांच्या घशाचे हे दुखणे नवे नाही. परीक्षा जवळ आल्यामुळे रजा घेणे जिवावर आले. मी फळ्यावर लिहून देऊ लागले आणि मुले लिहीत असताना बाकांमधून फिरू लागले. पहिले दोन दिवस मी नुसती धुमसत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, इतकी वर्षे मी वर्गाकडे पाहत होते ते पुढचे वाक्य जुळवता जुळवता. कोणाची पेन्सिल बोटाएवढी उरली आहे, कोण डबा आणत नाही, कोण कोणाला चोरून उत्तर दाखवते, हे मला प्रथमच दिसत होते.

चौथ्या दिवशी मी त्या मुलाच्या बाकावर, त्याच्या शेजारी, जाऊन बसले. काही ठरवून नव्हे. पाय दुखत होते म्हणून. तो वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत होता. भट्टी होती, तिच्यात मूस होती, शेजारी पाठमोरा बसलेला एक माणूस होता. मी पाहत राहिले. त्याने वही झाकली नाही. पाचव्या दिवशीही मी तिथेच बसले. सहाव्या दिवशी त्याने माझ्याकडे न पाहता, अगदी हळू आवाजात विचारले,

“बाई, तुमची पण आई गेली का?”

त्याची आई गावाकडे वारली होती. म्हणूनच बाप त्याला वर्षाच्या मध्यावर इकडे घेऊन आला होता. प्रवेशाच्या अर्जावर ते लिहिलेले होते. मी तो अर्ज वाचला नव्हता. त्याच्या शब्दकोशात मौनाला एकच कारण होते, आणि मी बोलत नाही असे दिसल्यावर त्याने तेच कारण माझ्यासाठीही धरले. ज्या मुलाला मी दगड म्हटले होते, तो मुलगा माझे सांत्वन करीत होता.

मला उत्तर देता आले नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडू लागला. ‘उगी’ म्हणावेसे वाटले, पण आवाज नव्हता. आज वाटते, तो नव्हता हेच बरे झाले. असता, तर मी दोन-चार उपयुक्त वाक्ये बोलून मोकळी झाले असते.

या गोष्टीचा शेवट चमत्काराचा नाही. तो मुलगा हळूहळू थोडे बोलू लागला. ‘भट्टी’ या विषयावर त्याने एक निबंध लिहिला. त्यात शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या आणि उसने एकही वाक्य नव्हते. गुण देताना माझी लाल शाई बराच वेळ थांबून राहिली. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांनी दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवले आणि तो शाळा सोडून गेला. दगड म्हटल्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली नाही. आवाज परत आला, तेव्हा धीर झाला नाही. आज तो या सभागृहात असेल किंवा नसेल; हे शब्द कधी त्याच्यापर्यंत पोहोचलेच, तर त्याने ते माझी क्षमायाचना म्हणून स्वीकारावेत.

मित्रहो, आपल्या शाळेचे या नगरातील प्रयोजनही मला याच दृष्टीने दिसते. १९३० च्या चळवळीत साने गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे बंदी होते, निरनिराळ्या भाषा कानांवर पडत होत्या. गुरुजींनी त्या परक्या आवाजांकडे कान लावला आणि तमिळमधील ‘कुरल’ मराठीत आणले. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, हे त्यांचे ‘आंतरभारती’चे स्वप्न अशा ऐकण्यातूनच वाढले. आणि उलट दिशेचे उदाहरण आपल्या कर्नाटकातच आहे. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. त्यांनी धारवाडच्या बोलीतील नाद असा काही कानांत साठविला की, ते कन्नडचे थोर कवी झाले, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकु तंति’ या संग्रहाला लाभला. त्यासाठी त्यांना मराठी विसरावी लागली नाही. ते मराठीतही लिहीत राहिले.

कन्नडभूमीत मराठी शाळा कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना विचारला गेला असेल. मराठी माध्यमाकडे वळणाऱ्या पालकांची संख्या पूर्वीसारखी नाही, हेही मी लपवीत नाही. माझे उत्तर एवढेच आहे: ज्या भाषेत मुलाला कोणी ‘उगी’ म्हटले, त्या भाषेत तो प्रथम ऐकायला शिकतो. ज्याला एक भाषा मनापासून ऐकता आली, त्याला शेजाऱ्याचे ‘सुम्मने’ही कळते. ही शाळा मराठीची तटबंदी व्हावी, असे संस्थापकांना वाटले नसावे. या नगराचे बोलणे समजून घेणारे कान तिने घडवावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. मूल शाळेतून घरी आले की आपण विचारतो: गुण किती मिळाले, गृहपाठ काय दिला, पहिला कोण आला? हे प्रश्न प्रेमापोटीच असतात. तरी दिवसातून दहा मिनिटे, हातातला मोबाइल दूर ठेवून, त्याच्या शेजारी उगाच बसा. काही विचारू नका, काही शिकवू नका. पहिले काही दिवस काहीच घडणार नाही. कदाचित सहाव्या दिवशी ते काहीतरी बोलेल. नाही बोलले, तरी आपण शेजारी होतो, हे त्याला आठवेल.

माझ्या शिक्षक-सहकाऱ्यांना विनंती एवढीच, की प्रवेशाचे अर्ज वाचत जा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, ज्यांना मी कधी ‘शांत बसा’ असे ओरडून सांगितले, त्यांनी आज मला पंधरा मिनिटे इतक्या शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.