आपत्तीपूर्वींची हजेरी

ता. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टीनें डोंगर कोसळला आणि १५० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. अशा वेळीं मदतीस धांवणाऱ्यांची वाण नसते. वाण असते ती नोंदीची. कोणता डॉक्टर कोठें आहे, कोणती परिचारिका रात्रभर जागली, साथीच्या प्रतिबंधास कोण राहिलें, हें न कळलें तर एका ठिकाणीं दहा वैद्य आणि दुसरीकडे एकही नाहीं, अशी गत होते.

२००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीच्या लाटांनीं श्रीलंकेंत हाहाकार उडविला. तेव्हां तेथील संगणकतज्ज्ञांनीं ‘सहाना’ ही आज्ञावली रचून सर्वांस विनामूल्य खुली केली. हरवलेलीं माणसें, निवारे, मदतसंस्था आणि स्वयंसेवक यांची नोंद तींत राहते.

परंतु जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत वीज व दूरध्वनि तुटले, तर संगणकांतील यादी हातीं लागणें कठीण. म्हणून प्रत्येक आरोग्यकेंद्रानें पावसाळ्यापूर्वींच सेवकांचीं नांवें, कामें आणि ओढ्याअलीकडील वा पलीकडील वस्ती नोंदवावी व कागदी प्रत भिंतीवर लावावी. शाळेंत हजेरी वर्ग भरतांच घेतात. मुलें हरवल्यावर नव्हे.